पुडी बांधणाऱ्याची मजुरी

लग्नसराई तोंडावर आलेली असताना सिंदी मेघे येथील एका पत्रिका छापणाऱ्या बांधवाचा संगणक बंद पडला. (सिंदी मेघे म्हणजे वर्धा शहराला चिकटून असलेले गाव. सेलू तालुक्यातील सिंदी रेल्वे ती वेगळी. बाहेरगावचे लोक दोहोंत नेहमी गल्लत करतात.) दुरुस्तीवाल्याने जुन्या डिस्कवरील माल वाचवून दिला, नवे यंत्र आले, पण जुन्या यंत्रावर वर्षानुवर्षे चाललेली कोरलड्रॉची प्रत नव्या यंत्रावर चढेना. ती विकत घेतलेली नव्हतीच. कोणीतरी कधीतरी पेन ड्राइव्हवर आणून दिलेली होती, त्यामुळे तक्रार तरी कोणाकडे करणार? आणि दहा वर्षांच्या पत्रिका, लेटरहेड, बिलबुके, दुकानांच्या पाट्या, सगळे त्याच सॉफ्टवेअरच्या फायलींत अडकलेले.

घरात इंजिनीअरिंगला असलेला एक पोरगा होता. त्याने रात्रीतून इंकस्केप नावाचे मुक्त सॉफ्टवेअर उतरवून बसवले. ते कोरलच्या बऱ्याच फायली उघडते, हे खरे. सकाळी फाइल उघडली तेव्हा वेलबुट्टी जागेवर होती, पण मराठी मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांचा काला झालेला. निकाहाच्या पत्रिकेतील उर्दू ओळ तर दिसेचना. पोरगा म्हणाला, "चाचा, फाँट नाहीत म्हणून असं झालं, होईल ठीक." चाचांनी यंत्र बंद केले आणि म्हणाले, "फुकटचं आहे ना, म्हणून असं."

या एका वाक्याचा प्रतिवाद करण्यासाठी प्रस्तुत लेख लिहीत आहे. सॉफ्टवेअर फुकटचे होते म्हणून काम अडले नाही. ते या दुकानासाठी कोणी बांधून दिलेले नव्हते, म्हणून अडले.

आपण व्यापारी मंडळी, ही गोष्ट आपल्याला सांगायला नको. हिंगणघाटच्या बाजारात आलेला कापूस तसाच गिरणीच्या चात्यावर चढत नाही. जिनिंगमध्ये सरकी वेगळी होते, प्रेसमध्ये १७० किलोची गाठ बांधली जाते, मग तो माल म्हणून पुढे जातो. सांगलीची हळद पोत्याने येते, पण गिऱ्हाईक मागते छटाकभर. पुडी बांधणारा दुकानदार हळद पिकवत नाही, तरीही त्याच्या मजुरीवाचून हळद कोणाच्या भाजीत पडत नाही. मुक्त सॉफ्टवेअरच्या जगातही नेमके हेच काम आहे. त्याला तिकडे पॅकेजिंग म्हणतात. पिकवणाऱ्याचे नाव सर्वांना ठाऊक असते, पुडी बांधणाऱ्याचे कोणी घेत नाही.

मुक्त सॉफ्टवेअरचे बहुतेक पीक युनिक्स आणि त्याच घराण्यातील लिनक्स या प्रणालींवर निघाले. युनिक्सचा जन्म अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९६९ साली झाला. पुढे १९८३ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी, ज्याचा सोर्स कोड कोणालाही वाचता, बदलता आणि वाटता येईल अशी ग्नू नावाची प्रणाली उभी करण्याची घोषणा केली. १९९१ साली लिनक्स आले. विद्यापीठांत आणि प्रयोगशाळांत हे सर्व झकास चालत होते. पण दुकानात होते विंडोज, आणि छपाईच्या मोठ्या धंद्यात ॲपलचे मॅक. तिकडचा माल इकडे आणायचा म्हणजे नुसते कॉपी करून भागत नाही.

गिम्प या फोटोवर काम करणाऱ्या सॉफ्टवेअरचेच पाहा. १९९५ साली बर्कली विद्यापीठातील स्पेन्सर किमबॉल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी ते युनिक्ससाठी लिहिले. विंडोजवर ते आणण्याची खटपट केली टोर लिल्क्विस्ट या फिनलंडच्या गृहस्थाने. मॅकवर मात्र ते कित्येक वर्षे पाहुण्यासारखे राहिले. आधी एक्स-११ नावाची युनिक्सची खिडकीव्यवस्था चालू करायची, मग तिच्या आत गिम्प उघडायचे. मॅकचा स्वतःचा मेनू नाही, बोटांना सवय असलेल्या कळा चालत नाहीत, फाँट निराळ्या ठिकाणी शोधायचे. २०१२ साली, २.८ या मालिकेत, ते मॅकचे घरचे माणूस झाले. इंकस्केपची गोष्ट याहून लांबलेली. ते २००३ साली सुरू झाले आणि मॅकवर एक्स-११ शिवाय चालणारी त्याची अधिकृत प्रत आली मे २०२० मध्ये. सतरा वर्षे! तोपर्यंत मॅकवर एखादे रेखाचित्र एका ठिकाणाहून उचलून दुसरीकडे चिकटवले, तर अनेकदा रेघांऐवजी ठिपक्यांचे चित्र चिकटे. ज्याने पत्रिकेची वेलबुट्टी मोठी करून पाहिली आहे, त्याला रेघ आणि ठिपका यांतला फरक सांगण्याची गरज नाही.

ओपनऑफिसच्या बाबतीत तर दोन माणसांनी सगळ्यांची अडचण दूर केली. मॅकवर त्याचीही एक्स-११ ची भानगड होती. पॅट्रिक लूबी आणि एडवर्ड पीटरलिन यांनी त्याच कोडमधून निओऑफिस नावाची मॅकच्या वळणाची प्रत बांधली आणि लोक ती वापरू लागले. मूळ प्रकल्पाने स्वतःची तशी प्रत दिली ती ऑक्टोबर २००८ मध्ये. या साऱ्या काळात चित्र काढण्याचे आणि हिशेब करण्याचे मुख्य काम करणारा कोड तयार होता. नव्हती ती बांधणी.

ही बांधणी म्हणजे नेमके काय, हे थोडे विस्ताराने सांगतो, कारण मजुरीचा प्रश्न इथेच येतो. युनिक्सवरचे सॉफ्टवेअर एकटे कधीच नसते. इंकस्केप खिडक्या आणि बटणे काढायला एका संचावर विसंबते, अक्षरे जोडायला दुसऱ्यावर, पीडीएफ बनवायला तिसऱ्यावर. लिनक्समध्ये हे संच आधीच घरात असतात किंवा मागवले की येतात. १९९३ साली सुरू झालेल्या डेबियन प्रकल्पाने तर हे मागवण्याचे शास्त्रच बनवले. विंडोजमध्ये ते नसतात. म्हणून बांधणाऱ्याला प्रत्येक संच विंडोजसाठी नव्याने घडवून घ्यावा लागतो, सगळे एका गाठोड्यात नेमक्या आवृत्त्यांचे भरावे लागतात, आणि एकाने दुसऱ्याच्या पायावर पाय दिला तर कोणाचा दोष ते शोधत बसावे लागते. त्यानंतर प्रिंटर, कागदाची मापे, कळांची सवय, कोणत्या फायलीवर दोनदा टिचकी मारली की काय उघडावे, हे सारे त्या घराच्या रीतीने लावायचे. मॅकसाठी ॲपलकडे वर्षाला ९९ डॉलर भरून नाव नोंदवायचे आणि सॉफ्टवेअरवर सही करायची. विंडोजमध्येही सही नसली की पडद्यावर धोक्याची पाटी येते, आणि आपला दुकानदार ती पाहून हात मागे घेतो. घ्यायलाच हवा! हे सर्व एकदा करून संपत नाही. आतल्या एखाद्या संचात सुरक्षेचे भोक निघाले की गाठोडे सोडा, तो भाग बदला, पुन्हा बांधा.

यात कसलीही कविता नाही, मोठे नाव नाही. कोणी टाळ्या वाजवत नाही. चुकले तर मात्र शिव्या बांधणाऱ्याला.

आणि बांधणाऱ्याचा हात खोटा असेल तर काय होते, तेही बाजाराने पाहिले आहे. सोर्सफोर्ज नावाच्या ठिकाणाहून जगभर मुक्त सॉफ्टवेअर उतरवले जात असे. तिथल्या फसव्या जाहिराती आणि गाठोड्यात सोबत घुसवलेला नको असलेला माल पाहून गिम्पवाल्यांनी २०१३ साली ते ठिकाण सोडले. मे २०१५ मध्ये असे उघडकीस आले, की गिम्पच्या विंडोज प्रतीचे तिथले जुने पान सोर्सफोर्जने स्वतःकडे घेतले असून त्यावरच्या गाठोड्यात दुसऱ्याच कंपन्यांच्या सॉफ्टवेअरच्या 'ऑफर' घातल्या आहेत. ओरड झाली, प्रकार थांबला, पुढे मालकही बदलले. म्हणजे हळद खरी, पुडीत भेसळ. त्यामुळे गूगलवर शोधून जे पहिले दिसेल तिथून उतरवू नका, त्या प्रकल्पाच्या स्वतःच्या पत्त्यावरून घ्या, एवढे तरी आपल्या पोरांना सांगून ठेवावे.

आता दुसऱ्या बाजूचे ऐकू. अनेक बांधव म्हणतात, "चोरीची का होईना, कोरलची प्रतही फुकटच पडते. मग ही उठाठेव कशाला?" याला पहिले उत्तर कायद्याचे. कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने कलम ६३-ब घातले गेले. चोरीची प्रत आहे हे ठाऊक असून ती संगणकावर वापरली, तर किमान सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. धंद्यासाठी किंवा कमाईसाठी वापर नव्हता असे सिद्ध झाले तर न्यायालय कैदेतून सूट देऊ शकते. आपला वापर धंद्याचाच, म्हणजे ती सूट आपल्यासाठी नाही. दुसरे उत्तर चाचांच्या दुकानात मिळाले. ज्या वस्तूची पावती नाही, ती ऐन हंगामात बंद पडली तर कोणाच्या दारात जायचे?

तिसरा मुद्दा हिशेबाचा आहे. जीएसटीच्या कायद्याप्रमाणे त्या वर्षाचे वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या मुदतीपासून ७२ महिने वह्या जपून ठेवाव्या लागतात. पूर्वी लाल कापडात बांधलेली चोपडी सहा काय, साठ वर्षांनी उघडली तरी वाचता येत असे. आज वही म्हणजे फाइल, आणि फाइल उघडायला तेच सॉफ्टवेअर लागते. ज्याची रचना जाहीर आहे अशा फाइलप्रकारात हिशेब ठेवणे हा म्हणून शौक नव्हे. लिबरऑफिस वापरत असलेला ओडीएफ हा प्रकार २००६ साली आंतरराष्ट्रीय मानक झाला आहे. तो कोणत्याही एका कंपनीच्या मर्जीवर अवलंबून नाही.

हिशेबाचा विषय निघालाच आहे तर आपल्याच राज्यातले उदाहरण देतो. मुंबईत कृष्णकांत माने यांच्या पुढाकाराने ग्नूखाता नावाचे मुक्त हिशेब सॉफ्टवेअर तयार झाले. लहान दुकानदार आणि संस्था यांच्यासाठीच ते होते. कल्पना उत्तम, हेतू स्वच्छ. पण त्याची घडण युनिक्सच्या वळणाची आहे. मागे पोस्टग्रेस नावाचा माहितीचा कोठार, मध्ये पायथन भाषेतील कारभारी, पुढे ब्राउझरमधील पान. जाणत्याला ही रचना आवडेल. किराणा दुकानदाराला मात्र कोठार म्हणजे काय आणि कारभारी कुठे बसतो हे कळण्याची गरज पडता कामा नये. त्याला टिचकी मारल्यावर खतावणी दिसली पाहिजे. अशा सॉफ्टवेअरचे भवितव्य खतावणी किती बिनचूक आहे यावर जेवढे ठरते, तेवढेच ती किती सहज उघडते यावर ठरते, असे माझे मत आहे.

मुक्त सॉफ्टवेअरच्या काही अभिमानी मंडळींना हे पटत नाही. "टर्मिनल उघडा, चार ओळी टाइप करा, इतके सोपे आहे," असे ते म्हणतात. सुताराला कोणी सांगावे की करवत तूच ओतून घे, तसे हे बोलणे. सरकारी खात्यांचीही एक सवय आहे. २००५ पासून केंद्र सरकारने भारतीय भाषांतील फाँट आणि सॉफ्टवेअरच्या सीडी फुकट वाटल्या. सी-डॅकने डेबियनवर आधारलेली बॉस नावाची लिनक्स प्रणालीही काढली. हे काम मोलाचे होते. पण सीडी पोस्टाने घरी आली म्हणजे ती दुकानात कामाला लागली असे होत नाही. पुढच्या वर्षी प्रिंटर बदलला की विचारायचे कोणाला?

कोरलचे अभिमानी एक गोष्ट बरोबर सांगतात आणि ती मान्य केली पाहिजे. चार शाईंच्या ऑफसेट छपाईसाठी रंगांची विभागणी हवी असते आणि इंकस्केप त्यात कच्चे आहे. ते पडद्याच्या रंगांत विचार करते. त्यावर तोड अशी, की रेखाटन इंकस्केपमध्ये करावे आणि छपाईची फाइल स्क्रायबस या दुसऱ्या मुक्त सॉफ्टवेअरमधून काढावी. दोन सॉफ्टवेअर शिकणे हा त्रास आहेच. ज्याचे सगळे काम मोठ्या ऑफसेटचे आहे त्याने सरळ कोरल विकत घ्यावे, पावती घ्यावी आणि झोप घ्यावी. पण एकरंगी बिलबुके, स्टॅम्प, स्क्रीन छपाईच्या पत्रिका करणाऱ्याला एवढा खर्च कशाला?

भरतकामाच्या यंत्रावर काम करणाऱ्या बांधवांनी तर याकडे अधिक लक्ष द्यावे. डिझाइनचे पंचिंग बाहेरून करून घ्यायचे म्हणजे टाक्यांच्या हिशेबाने पैसे मोजायचे, आणि एक बुट्टा सरकवायचा म्हटले तरी पुन्हा त्याच्याच दारात. इंकस्केपला जोडून चालणारे इंक-स्टिच नावाचे मुक्त सॉफ्टवेअर रेखाचित्रावरून टाके बसवते आणि यंत्राला कळणाऱ्या डीएसटी वगैरे प्रकारांत फाइल देते. हात बसायला वेळ लागतो. मखमलीवर आणि सुती कापडावर टाक्याचा ताण निराळा धरावा लागतो, ते ज्ञान कारागिराचेच, सॉफ्टवेअरचे नव्हे. पण जो कारागीर कापड ओळखतो त्याने पंचिंगही हातात घेतले, तर मधला खर्च त्याच्याच घरात राहील. इथेही पुन्हा तीच गोम. इंकस्केपची कोणती आवृत्ती, तिच्याशी जुळणारे इंक-स्टिच कोणते, हे कोणीतरी जुळवून, आपल्या यंत्रावर एक रुमाल काढून, खात्री करून दिले पाहिजे.

वर्ध्याला हे नवे नाही. १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे ठाणे वर्ध्यातच, मगनवाडीत होते. तिथे झवेरभाई पटेल यांनी तेलाच्या घाणीत सुधारणा केली आणि ती देशभर 'वर्धा घाणी' या नावाने ओळखली गेली. पण नुसती सुधारणा करून घाणी गावोगाव फिरत नसते. ती घडवणारे सुतार लागतात, मोडली तर दुरुस्त करणारे लागतात. मला आज वर्ध्यात हवा आहे तो असा सुतार. सेवाग्राम रस्त्याच्या परिसरात इंजिनीअरिंगची पोरे दर वर्षी बाहेर पडतात आणि पुण्याची गाडी धरतात. त्यातली दोन पोरे इथे थांबली तरी काम उभे राहील.

काम असे. इंकस्केप, इंक-स्टिच, स्क्रायबस आणि लिबरऑफिस यांची एक थैली बांधायची. तिच्यात मुक्त परवान्याचे देवनागरी फाँट आणि उर्दूसाठी नोटो नस्तालीक घालायचा. आपल्याकडे चालणारी पत्रिकांची मापे, बिलबुकाचे नमुने आणि गावात ज्या जातीचे प्रिंटर आहेत त्यांच्या जुळण्या तयार ठेवायच्या. जुन्या फाँटमधील मराठी युनिकोडमध्ये उलटवून देण्याची सोय हवी, कारण चाचांच्या पडद्यावरचा काला त्याचाच होता. जुन्या इनपेजमधील उर्दू तसाच उचलता येत नाही, तो मजकूर बहुधा पुन्हा टाइप करावा लागेल. ते आधीच सांगून टाकावे, नंतर भांडण नको. ऑक्टोबर २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा दुरुस्ती बंद केली, आणि कित्येक दुकानांतील यंत्रे विंडोज ११ घेऊ शकत नाहीत. अशा यंत्रांसाठी तीच थैली लिनक्सवर बसवून द्यावी. तिकडे तर ही सॉफ्टवेअरे मुळातच घरची.

पैसे घ्यायचे की नाही? जरूर घ्यायचे. मुक्त म्हणजे फुकट, हा गैरसमज आपल्याकडे घट्ट बसला आहे. खुद्द स्टॉलमन १९८५ मध्ये आपल्या इमॅक्स या सॉफ्टवेअरची टेप १५० डॉलरला विकत होते. लिबरऑफिस चालवणाऱ्या संस्थेने २०२२ साली मॅकच्या दुकानात आपली प्रत ८.९९ युरोला ठेवली, तीच प्रत त्यांच्या स्वतःच्या पत्त्यावर बिनपैशाची मिळत असताना. जीपीएलसारखा परवाना विकायला मनाई करत नाही. मागेल त्याला सोर्स कोड द्या आणि घेणाऱ्याने पुढे वाटला तर अडवू नका, एवढीच त्याची मुख्य अट. म्हणजे कुलूप विकता येत नाही, मजुरी घेता येते. पंचवीस दुकानांनी महिना २०० रुपये काढले तर ५,००० होतात. त्यात एका पोराचे घर चालणार नाही हे मलाही कळते. पण शिकता शिकता संध्याकाळचे दोन तास देणाऱ्याला एवढे पुरेसे आहेत, आणि दुकाने वाढली की रक्कम वाढेल. थैली बांधताना जे दोष सापडतील ते मूळ प्रकल्पाला कळवणे हेही त्याच मजुरीत धरावे. वर्ध्यात सापडलेली देवनागरीची चूक वर्ध्यातच दुरुस्त करून ठेवली तर पुढच्या आवृत्तीत ती पुन्हा हजर होईल.

चाचांच्या दुकानात पोराने पुढे आठवडाभर ठाण मांडले. फाँट बसवले, नेहमीच्या दहा-बारा पत्रिकांचा मजकूर युनिकोडमध्ये उलटवला, प्रिंटरला कागदाचे माप शिकवले. एका गावातील नवरदेवाचे नाव जोडाक्षरासह बरोबर छापून आले. उर्दू ओळ आली, पण तिची खालची वळणे चौकटीत कापली गेली, म्हणून चौकट वाढवावी लागली. चाचांनी त्या आठवड्याचे पैसे पोराला दिले का, हे विचारल्यावर ते हसले आणि म्हणाले, "घरचाच आहे." माझ्या मते द्यायला हवे होते. शेजारच्या स्टॅम्पवाल्याने आपल्या यंत्रावर तेच करून द्यायला सांगितले आहे आणि त्याने रक्कम आधीच विचारली.